‘चीट’ शिकवणारा सोनवणे

पंचशील सोनवणे आमच्या कोचिंगमध्ये शिकवायला आला तेव्हा मला तिथे एकवीस वर्षं झाली होती. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या मनातून उतरला. कारण अगदी क्षुल्लक होतं. त्याचा तास संपला की माझा. मी वर्गात शिरायचो, डस्टर उचलायचो, आणि मागून चाळीस जण ओरडायचे, "सर, एक मिनट! मिटाना मत!" मग मी डस्टर हातात धरून उभा. मुलं माना खाली घालून त्याचं फळ्यावरचं उतरवून घ्यायची. एकवीस वर्षांत माझं लिहिलेलं पुसू नका असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

शहरातल्या भंवरकुआं भागात अशी कोचिंगं गल्लोगल्ली आहेत. खाली झेरॉक्सचं दुकान, मध्ये मुलींचं होस्टेल, वर आम्ही. बँक, रेल्वे, एसएससी, ज्याला जी परीक्षा द्यायची असेल ती. मी शंतनु पागनीस, इंग्रजीचा. शाळा कॉन्व्हेंटची, उच्चार स्वच्छ, व्याकरण पक्कं. मालक उदयसिंह माझी ओळख करून द्यायचे ती "हमारे सबसे सीनियर सर" अशी. दर नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी माझ्या पणजोबांची गोष्ट सांगायचो. ते संस्थानच्या काळात महसुलाच्या दप्तरात होते. कोणी वारस न ठेवता वारला की त्याच्या घरादाराचा पंचनामा करून ते सरकारजमा करणं हे त्यांचं काम. "ज्या घरात पणजोबा पाऊल टाकत, ते घर राजाचं होई," हे वाक्य मी इंग्रजीत म्हणायचो. मुलांवर छाप पडायची. निदान मला तरी तसं वाटायचं.

सोनवणेही इंग्रजीचाच, जवळच्या महूचा. वय बत्तीस, अंगानं काटक, शर्ट नेहमी पांढरा, पायात वहाणा. त्याचे आजोबा फौजेत हवालदार होते. शाळेत चौथीपर्यंतच गेलेले, पण पलटणीत कानावर पडलेला प्रत्येक इंग्रजी शब्द ते देवनागरीत एका वहीत लिहून ठेवायचे. ‘लफ्टन’, ‘कोरट मारसल’, ‘हुकमदार’. नातू वाचायला शिकल्यावर त्यांनी वही त्याच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, ह्यातला एकेक शब्द मुळात काय होता ते शोधून दे. पहाऱ्यावरचा शिपाई अंधारात ‘हुकमदार’ असं का ओरडतो हे शोधायला त्याला दोन वर्षं लागली. ते ‘हू कम्स देअर’ होतं. "सर, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो," त्यानं मला चहाच्या टपरीवर सांगितलं होतं, "आणि मला असं वाटलं की मी एक माणूस शोधून घरी आणलाय."

ही गोष्ट मला आवडली. आवडली म्हणूनच टोचली. मी चौदा वर्षांचा असताना निबंधस्पर्धेचे कप जिंकत होतो. पण घरी कोणाला शोधून आणलं नव्हतं.

दर रविवारी तो महूहून बसनं यायचा आणि राजवाड्यामागे खजूरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडायचा. तिथेच त्याला शब्दांच्या व्युत्पत्तीचा एक जाडजूड कोश मिळाला होता. पुठ्ठा गेलेला, ‘के’ अक्षराची पानं कुरतडलेली. तो कोश पिशवीत घालून रोज बसनं आणायचा आणि रोज परत न्यायचा. मुलं त्या पिशवीला हात लावून नमस्कार करायची. थट्टेनंच, पण करायची.

मला त्याच्यात खोट काढायची होती, आणि ती मिळत होती. ‘व्हेजिटेबल’चा उच्चार तो तीनाऐवजी चार अक्षरांत करायचा. वर्गात निम्मं हिंदीत बोलायचा. मी त्याच्या चुका डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत होतो. आणि आणखी एक गोष्ट मनात यायची, ती चांगली नाही, तरी लिहितो. हा कुठून आला, कसा आला, ह्याला कोणी पुढे केलं, असं मी स्वतःशी म्हणायचो. कोचिंगमध्ये कसलं आरक्षण नव्हतं, कोणाची शिफारस नव्हती. डेमो तास घेऊन तो आला होता, जसा मी आलो होतो. हे मला ठाऊक होतं आणि तरी तो विचार यायचा. जळणाऱ्या माणसाला लाकूड कुठूनही चालतं.

घरीही सुटका नव्हती. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून बायकोचं, अमिताचं, हसणं ऐकू आलं. बघतो तर फोन डब्याला टेकवून ठेवलाय, ती कणीक मळतेय आणि फोनवर सोनवणे बोलतोय. कोण्या मुलानं त्याच्या तासाचा व्हिडिओ टाकला होता.

"अहो, हा तुमच्याकडचाच ना? बघा तरी, किती मजेत सांगतो."

"मजेत सांगणं वेगळं आणि शिकवणं वेगळं," मी म्हणालो.

"असेल बाई. पण तुमचा तास मी कधी असा बघितला नाही."

"माझा कोणी टाकलाच नाही तर बघशील कुठून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, हात धुतले आणि फोन बंद केला. त्या रात्रीची भाजी मला खारट लागली, आणि ती खारट नव्हती.

मग तो फेब्रुवारीतला गुरुवार आला. आदल्या दिवशीच्या चाचणीत एक मुलगा चिट घेऊन बसलेला सापडला होता, आणि वर्गात तोच विषय चालू होता. माझा तास सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी बाहेर दाराशी उभा होतो. रोज उभा राहायचो, खरं तर. आत शिवांगी नावाची मुलगी उभी राहिली. खरगोनकडची, सगळ्यात हुशार, सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी.

"सर, ‘चीट’ कहाँ से आया? शंतनु सर कहते हैं चिट से आया। चिट लेकर बैठे, तो चीटिंग।"

मी हे खरंच सांगत आलो होतो, एकवीस वर्षं. कोणी सांगितलं होतं की मीच जुळवलं होतं ते आता आठवत नाही. मुलं हसायची, लक्षात ठेवायची, म्हणून सांगायचो.

सोनवणेनं खडू उचलला. मग हिंदीत सांगू लागला, मी मराठीत लिहितो. "‘चिट’ आपला शब्द आहे. चिठ्ठीवरून इंग्रजांनी उचलला. ‘चीट’ त्याचा कोणी लागत नाही, दोघं नुसते सारखे दिसतात. ‘चीट’चं घर लांब आहे." त्याचा खडू चालू लागला. लॅटिनमध्ये ‘काडेरे’ म्हणजे पडणं. त्यावरून फ्रेंचमध्ये एक शब्द आला, वाट्याला येऊन पडलेली वस्तू अशा अर्थाचा. तो इंग्लंडात गेला आणि ‘एस्चीट’ झाला. जमीनदार वारस न ठेवता मेला की त्याची जमीन वरच्या सरदाराकडे किंवा राजाकडे परत येऊन पडायची. ती जमीन म्हणजे एस्चीट. "तेव्हा शब्दात काही वाईट नव्हतं. कायद्याचा शब्द होता. आपल्या कायद्यातही अजून आहे. पण ते गोळा करायला राजानं जिल्ह्याजिल्ह्यात अंमलदार नेमले, एस्चीटर. लोकांची तक्रार अशी की हे वारस असताना नाही म्हणून लिहितात, शेजाऱ्याचा तुकडाही त्यातच ओढतात. हळूहळू पुढचा ‘एस्’ झिजला, ‘चीटर’ उरला, आणि हुद्द्याचं नाव होतं ते शिवी होऊन बसलं."

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मतलब शंतनु सर के परदादा!"

सगळा वर्ग फुटला. बाकं वाजली. शिट्टीसुद्धा कोणीतरी मारली.

मी जिना उतरून खाली गेलो. झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा राहिलो आणि कानात ते हसणं वाजत राहिलं. माझी खात्री झाली होती की त्यानं हे मुद्दाम केलं. पणजोबांची गोष्ट मी त्याला स्वतः सांगितली होती. टपरीवर, पहिल्या महिन्यात, त्याच्या आजोबांच्या वहीला उत्तर म्हणून. इतके शब्द पडले असताना त्याला हाच सापडला? शिवांगीनं विचारला म्हणून त्यानं सांगितला, हे मी कानांनी ऐकलं होतं. तरी मला पटलं नाही.

त्याच महिन्यात उदयसिंहांनी जाहीर केलं की एप्रिलपासून एक सीनियर बॅच काढायची. निवडक साठ मुलं आणि इंग्रजीला एकच सर. सगळ्या मुलांची निवड चाचणी होईल आणि ज्या सरांची मुलं इंग्रजीत पुढे असतील, त्यांना ती बॅच. एका बॅचला इंग्रजीचे दोन सर असायचे, पण बॅच एकाच्याच नावावर. पेपर काढायचं काम माझ्याकडे आलं, सीनियर म्हणून. माझीही मुलं बसणार होती, तेव्हा हे बरोबर नव्हतं, पण आमच्याकडे असं चालतं.

पेपर मी कठीण काढला. सोनवणेच्या मुलांना येणार नाहीत असे शब्द निवडले, हे कबूल करतो. शनिवारी छापून आलेला गठ्ठा मोठ्या लिफाफ्यात लाख लावून बंद केला आणि स्टाफरूममध्ये टेबलावर ठेवला. तेवढ्यात खालून अमिताचा भाऊ हाका मारू लागला, म्हणून मी खाली गेलो. वर आलो तेव्हा खोलीत सोनवणे एकटा डबा खात बसला होता. लिफाफा होता तिथेच होता. लाख शाबूत. मी बोटानं चाचपून पाहिली.

निकाल लागला तेव्हा पहिल्या वीस मुलांत चौदा सोनवणेची होती. माझी दोन, बाकीची इतर सरांची.

उत्तरपत्रिकांबरोबर प्रश्नपत्रिकाही गोळा केल्या होत्या. शिवांगीची मी उलटून पाहिली. ‘डेकेडन्स’ शब्दाचा अर्थ विचारला होता. त्याच्या बाजूला कोऱ्या जागेत तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘कड् — गिरना’. त्यावरून ‘ऱ्हास’ हा पर्याय तिला सापडला होता. आणखी पाचसहा मुलांच्या पत्रिकांवर तसंच. तो शब्द ती कधी शिकली नव्हती. तो शोधायचा कसा, ते शिकली होती. मी खुर्चीत बसून ते पाहिलं आणि मला जे वाटलं त्याला मत्सर हे नावही तोकडं पडतं. माझ्या एकवीस वर्षांत एकाही मुलानं माझ्या पेपरच्या कडेला असं काही लिहिलं नव्हतं.

त्या पत्रिका मी रद्दीच्या पोत्यात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी उदयसिंहांनी मला बोलावलं. "शंतनु सर, ये नंबर कुछ ज़्यादा ही अच्छे नहीं हैं? पेपर किसके-किसके हाथ में था?"

"मेरे ही पास था," मी म्हणालो. आणि मग थांबलो. ते थांबणं मला आजही आठवतं, कारण तिथे परत फिरता येत होतं. "बस शनिवार को दस मिनट टेबल पर छोड़कर नीचे गया था। सोनवणे अकेले थे वहाँ।"

ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सोनवणेला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, घाबरलाही नाही. उदयसिंहांना म्हणाला, "लिफाफ़ा बंद था, भिया। सील लगी थी। शंतनु सर से पूछ लीजिए।" आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "सर, तुम्ही वर आल्यावर हात लावून बघितलं होतं ना?"

दोघं माझ्याकडे बघत होते. टेबलावर काचेखाली जुन्या टॉपर मुलांचे फोटो होते. मी त्या फोटोंकडे पाहत म्हणालो, "आठवत नाही."

त्यानंतर सगळं पाच मिनिटांत झालं. त्याच्या त्या चौदा मुलांचे गुण रद्द झाले आणि त्याला काढून टाकलं. सोनवणे स्टाफरूममध्ये गेला, कोश पिशवीत घातला, डबा घातला आणि जिना उतरला. मुलं वर्गात होती, त्यांना कळलंही नाही. सीनियर बॅच मला मिळाली. चौदापैकी एकाही मुलाला तिच्यात जागा मिळाली नाही. शिवांगी जूनमध्ये खरगोनला परत गेली.

मला वाटलं होतं आता बरं वाटेल. बॅच हातात होती, साठ निवडक मुलं समोर होती. मी खजूरी बाजारात जाऊन तसलाच एक कोश शोधला. मिळाला, पुठ्ठ्यासकट. वर्गात शब्दांची मुळं सांगू लागलो. मुलं वही मिटून बसायची. एकानं विचारलं, "सर, ये एग्ज़ाम में आएगा क्या?" तास संपल्यावर फळा मीच पुसत होतो आणि पुढच्या सरांना अगदी स्वच्छ मिळत होता.

आणि गंमत म्हणजे त्याचा हेवा गेला नाही. उलट वाढला. माणूस समोर असतो तेव्हा त्याचे चुकलेले उच्चार तरी ऐकू येतात. गेल्यावर नुसती वाहवा कानावर येते. त्याची बायको प्रीती सिमरोलच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे, तो तिथेच राहायला गेलाय, गावातल्या आणि तिथल्या मोठ्या कॉलेजच्या कॅम्पसमध्ये कामाला जाणाऱ्या लोकांच्या मुलांना शिकवतो, पडवीत जागा पुरत नाही म्हणे. हे मला झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं ते मला सहन झालं नाही. मी म्हणालो, "वहाँ तो पुरेगा ही नहीं, गाँव है।" काही अर्थ नव्हता त्याला.

अमितानं एकदा विचारलं, "तो सोनवणे दिसत नाही हो हल्ली व्हिडिओत?"

"काढलं त्याला. पेपरात गडबड केली."

"त्यानं?" एवढंच ती म्हणाली. पण तो शब्द तिनं असा उच्चारला की मी जेवणाचं ताट अर्धं ठेवून उठलो.

सप्टेंबरच्या शेवटी, दुपारी, शिवांगी कोचिंगमध्ये आली. हातात पेढ्यांचा डबा. तिची बँकेत निवड झाली होती, घरी बसून, एकटीनं अभ्यास करून. सगळ्या सरांना पेढे देत ती माझ्यापर्यंत आली.

"बधाई हो," मी म्हणालो. "अब अपने सोनवणे सर को भी दीजिए।"

"वहीं से आ रही हूँ, सर।" मग थोडी घुटमळली. "सर, आपसे एक बात कहनी थी। उस दिन हम लोग आपके परदादाजी पर हँसे थे। आप शायद बाहर थे, किसी ने देखा था। सॉरी, सर। पंचशील सर ने उसी वक़्त सबको बहुत डाँटा था।"

"क्या कहा?"

तिनं आठवून सांगितलं. तो म्हणाला होता की शब्दावरून माणूस ओळखू नका. इंग्लंडातही कोणी प्रामाणिक एस्चीटर असेलच, त्याची आठवण शब्दानं ठेवली नाही, एवढंच. शंतनु सरांचे पणजोबा कसे होते हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. आणि चिटचं म्हणाल तर ती चूक कोणीही करेल, मीही कॉलेजात केली होती. व्याकरणाची अडचण आली तर मी स्वतः शंतनु सरांकडेच जातो, तुम्हीही जा.

मी जिना उतरून गेल्यावर तो हे बोलला होता. दोन मिनिटं थांबलो असतो तर ऐकलं असतं.

खरं सांगतो, पहिली भावना पश्चात्तापाची नव्हती. पहिली भावना अशी होती की, हेसुद्धा त्याच्याकडेच? शिकवणं त्याचं, मुलं त्याची, आणि मोठं मनही त्याचंच? निदान चांगुलपणा तरी माझ्या वाट्याला यायला काय हरकत होती? पेढा हातात कुस्करला गेला होता. पश्चात्ताप त्यानंतर आला. संध्याकाळी, स्कूटरवर, सिग्नल हिरवा झालेला दिसत असताना मी हललोच नाही आणि मागची सगळी गर्दी हॉर्न वाजवत राहिली.

घरी जाऊन अमिताला सगळं सांगितलं. लिफाफा, लाख, पेन्सिलीनं लिहिलेल्या पत्रिका, सगळं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "मला कशाला सांगताय? मी त्याची कोण?"

रविवारी सकाळी मी सिमरोलला गेलो. घर विचारावं लागलं नाही, पडवीबाहेर पंधरावीस चपला होत्या. सोनवणे शिकवत होता. मला पाहून थबकला, मुलांना काहीतरी लिहायला दिलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. प्रीतीनं पाणी आणून ठेवलं. मी ते प्यायलो नाही. उभ्यानंच सांगितलं, "लिफाफा बंद होता. मला आठवत होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"तुम्ही ‘आठवत नाही’ म्हणालात तेव्हा काचेखालच्या फोटोंकडे बघत होतात."

मी क्षमा मागितली. ती मागताना मी त्याचा चेहरा निरखत होतो, आता हा काय करेल म्हणून. बोलली ती प्रीती.

"सर, तुम्ही मोठे आहात म्हणून हळू बोलते. महूमध्ये बातमी आठ दिवसांत पोचली. यांच्या बाबांना दुकानात लोक विचारत होते, मुलानं पेपर फोडला का म्हणून. बाबा सकाळी फिरायला जायचे ते बंद झाले. मग आम्ही इथे राहायला आलो. तुमची माफी त्यांना कोण नेऊन देणार?"

सोनवणे म्हणाला, "राहू दे, प्रीती." मग माझ्याकडे वळला. "सर, मला माफी वगैरे नको. मुलांचे गुण रद्द झाले. इंग्रजीत ‘चीट’ तीन तऱ्हेनं वापरतात, तुम्हाला माहीतच आहे. कोणाला फसवणं, कोणाशी बेइमानी करणं, आणि कोणाच्या हक्काचं त्याच्याकडून काढून घेणं. माझ्या बाबतीत दुसरं झालं. ते मी बघून घेईन. त्या चौदा मुलांच्या बाबतीत तिसरं झालं. ते परत करा. लेखी."

तो व्याकरण शिकवत होता. त्याही वेळी. आणि मी मनात म्हटलं, किती नेमकं सांगतो. म्हटलं, आणि पुन्हा जळलो.

सोमवारी मी उदयसिंहांपुढे कागद ठेवला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि खिशात टाकला. "अरे भिया, अब क्या? सात महीने हो गए। बच्चे चले गए, बात ख़त्म। आप भी ना।" कोचिंगचं नाव खराब होईल, हे ते बोलले नाहीत, पण तेच कारण होतं.

मी वर्गात गेलो. साठ मुलं होती. मी दार उघडंच ठेवलं आणि उभ्यानं सांगितलं. जसं घडलं तसं, हिंदीत, म्हणजे कोणाला समजलं नाही असं व्हायला नको. पेपर मी काढला, लाख मी पाहिली, खोटं मी बोललो. पंचशील सोनवणेंनी काहीही केलं नव्हतं. त्यांची मुलं स्वतःच्या अकलेनं पुढे आली होती. मग फळ्यावर चौदा नावं लिहिली, गुणांसकट. ती मला पाठ होती, सात महिने पाठ होती. पहिल्या बाकावरची मुलगी फोन काढून फोटो घेऊ लागली. मी अडवलं नाही.

दुपारपर्यंत तो फोटो सगळ्या भंवरकुआंत फिरला. संध्याकाळी उदयसिंहांनी माझी बॅच काढून घेतली. मला वाटलं नोकरीही जाईल. पण सकाळी सातची नव्या मुलांची बॅच घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं, ती मला दिली. चौदा जणांना नवी गुणपत्रं गेली. त्यातल्या पाच जणांनी परत प्रवेश घेतला, बाकीच्यांना आता त्याचा काही उपयोग नव्हता. एका मुलाच्या वडिलांनी फोन करून मला जे सुनावलं ते मी पूर्ण ऐकलं.

महूला मी स्वतः गेलो. सोनवणेचे वडील दारात आले, कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला आत बोलावलं नाही. दारातच सगळं ऐकलं, म्हणाले, "हे समोरच्या दुकानात जाऊन सांगा." मी समोर गेलो. दुकानात चारपाच माणसं होती. त्यांना सांगितलं. परत वळून पाहिलं तर दार लागलेलं होतं.

उदयसिंहांनी सोनवणेला परत बोलावलं, दोनदा. सीनियर बॅच देऊ केली. तो आला नाही. सिमरोलच्या मुलांचे पेपर जवळ आलेत, एवढंच कारण त्यानं दिलं. आता त्याच्याकडे दोन खोल्या आहेत आणि सकाळ-दुपार दोन वर्ग. आजोबांच्या वहीला पुढची पानं जोडून तो मुलांकडून शब्द लिहून घेतो, त्यांच्या घरातले, शेतातले, कॅम्पसच्या मेसमधले. माझ्याशी तो बोलतो. व्याकरणाचं काही अडलं तर फोनही करतो. पण ‘कसे आहात’ असं त्यानं मला पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मीही ते मागत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या सातच्या बॅचमधल्या तीन मुलांनी विचारलं की शब्दसंग्रह पक्का करायला आणखी कुठे जाता येईल. मी सिमरोलचा पत्ता दिला, बसचा नंबरही सांगितला. दिला, आणि मग दिवसभर घरात चिडचिड केली. चहा गार आहे, पंखा आवाज करतो.

अमिता म्हणाली, "एवढं सोसत नाही तर द्यायचा नाही ना पत्ता."

"चौथी मुलगी उद्या विचारणार आहे," मी म्हणालो. "तिलाही देणार आहे."

"मग उद्याही असेच वागणार का घरात?"

"बहुतेक," मी म्हणालो, आणि स्टूल घेऊन पंख्याला तेल घालायला चढलो.